बाबांच्या वीस वर्षांच्या मेल: जपायच्या कशा आणि मराठीतून शोधायच्या कशा?

मृद्गंध (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

आमचं घर मूळचं पिंपळगाव बसवंतचं, आता राहायला गंगापूर रोडला. बाबा द्राक्षं निर्यात करायचे. १९९९ मध्ये डायलअपवर त्यांनी पहिलं मेल खातं उघडलं आणि २०१९ ला पॅकहाऊस भावाच्या हवाली करेपर्यंत सगळा व्यवहार मेलवरच केला. हॉलंड-इंग्लंडचे खरेदीदार, शिपिंग एजंट, लॅबचे रिपोर्ट, बागायतदारांच्या याद्या. त्यातच मध्ये मध्ये अमेरिकेतल्या आत्याची पत्रं आणि आईने मामाला लिहिलेल्या मेल. घरात खातं एकच होतं, सगळे त्यातूनच लिहायचे. आई २०१२ ला गेली.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांना २०१० चा हंगाम लिहून काढायचा आहे. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ रोखणारं औषध सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल बंदरात अडकला आणि निफाड-दिंडोरीच्या कितीतरी घरांचं वर्ष बुडालं. कुणी कुणाला कधी काय कळवलं हे बाबांना तारीखवार मांडायचं आहे. त्यांच्या मनावर त्याचं ओझं आहे, म्हणून मला हे काम नीट करायचं आहे.

मेल तीन ठिकाणी आहेत. १९९९ ते २००४ जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर, आउटलुक एक्स्प्रेस या मेल प्रोग्रॅममध्ये. २००४ पासून २०१४ पर्यंत आउटलुकच्या दोन पीएसटी फाइल (आउटलुक सगळ्या मेल एकत्र साठवतं त्या), त्यातली पहिली उघडतच नाही. ती २००४ ची आहे आणि २०१० पर्यंत तीच वापरात होती. पुढचं सगळं जीमेलवर. जीमेलच्या मेल गुगलच्या टेकआउट या सोयीने उतरवून घेतल्या आणि ती फाइल नोटपॅडसारख्या एका प्रोग्रॅममध्ये उघडून 'नाशिक' शोधलं. एकदाही सापडलं नाही! जीमेलमध्ये तर पहिल्याच पानावर दिसतंय. फाइल खराब उतरली का?

मला दोन गोष्टी हव्या आहेत. माझी मुलगी आज दहा वर्षांची आहे, तिला मोठेपणी हे वाचता आलं पाहिजे. आणि बाबांनी विचारलेली मेल पाच मिनिटांत सापडली पाहिजे.

टर्मिनल (शनिवार, रात्री ११.५५)

ताई, आधी एकच काम करा. ते एक्सपी मशीन आता अजिबात सुरू करू नका. हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, दुसऱ्या मशीनला लावा आणि पूर्ण डिस्कची प्रत घ्या. पीएसटीचीही तशीच प्रत घ्या. यापुढचं सगळं काम प्रतींवर करायचं, मूळ वस्तू कपाटात. मी लोकांच्या डिस्क वाचवायचं काम बरीच वर्षं करतोय. डिस्क आपोआप गेल्यामुळे झालेलं नुकसान मी जितकं पाहिलं, त्याहून जास्त नुकसान उत्साहाने मूळ फाइलवरच प्रयोग केल्याने झालेलं पाहिलंय.

तुमची टेकआउटची फाइल बहुधा ठणठणीत आहे. मेलची मूळ व्यवस्था साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली आहे. देवनागरी मजकूर त्यातून पाठवताना तो सांकेतिक रूपात बदलला जातो. एका पद्धतीत 'न' हे अक्षर बरोबरचं चिन्ह, ई, शून्य, पुन्हा बरोबरचं चिन्ह, ए, चार, पुन्हा बरोबरचं चिन्ह, ए, आठ अशा नऊ चिन्हांचं होतं. म्हणजे 'नाशिक' हा शब्द फाइलमध्ये ४५ चिन्हांचा असतो, आणि ओळ ७६ चिन्हांवर तोडायची असल्याने कधी कधी तो मध्येच तुटलेलाही असतो. दुसरी पद्धत बेस ६४. तिच्यात तर डोळ्यांना काहीच ओळखू येत नाही. इंग्रजी मेल नोटपॅडमध्ये सापडते आणि मराठी सापडत नाही, ती यामुळे. मेल उलगडून वाचणारा प्रोग्रॅम हवा.

आता एकेक घेतो. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते. ती युजरच्या ॲप्लिकेशन डेटामध्ये लपलेल्या फोल्डरात सापडेल. 'अनडीबीएक्स' नावाचं छोटं फुकट साधन त्यातली प्रत्येक मेल वेगळी ईएमएल फाइल म्हणून काढून देतं. पुसलेल्या मेलही काही प्रमाणात वर येतात.

न उघडणाऱ्या पीएसटीचा आकार बघून सांगा. २००३ च्या आधीच्या आउटलुकमध्ये बनवलेल्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. पुढे आउटलुक नवं घेतलं तरी जुनी फाइल जुन्याच साच्यात राहायची. मर्यादा ओलांडली की फाइल बिघडायची.

मृद्गंध (रविवार, सकाळी ७.१५)

आकार बघितला, २ जीबीला अगदी थोडी कमी. शेवटचा बदल एप्रिल २०१०.

म्हणजे हंगामातच भरली. लॅबचे रिपोर्ट, फोटो, सगळं त्याच महिन्यांत येत होतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तेव्हा मेल उघडेना म्हणून मी फोनवरच बोलत होतो सगळ्यांशी." त्यांना आजही ते दिवस तासातासाने आठवतात.

टर्मिनल (रविवार, सकाळी ९.०५)

मग आशा आहे. आउटलुकसोबतच 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. प्रतीवर चालवा, मूळ फाइलवर नाही. एकदा चालवून भागत नाही. 'चूक सापडली नाही' असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. नंतर लिनक्सवरच्या 'रीडपीएसटी'ने ईएमएल काढून घ्या.

भांडीबाजार (रविवार, सकाळी ११.३०)

तांत्रिक मला फार कळत नाही, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. सप्टेंबर २००८ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. कॉम्प्युटर खाली होता म्हणून गेला. बॅकअपची सीडी आणि दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही गेली. ऑगस्ट २०१६ ला गोदामाई पुन्हा आली तेव्हा मात्र एक डिस्क सिडकोत मेहुण्यांकडे होती. चिखल काढून झाल्यावर चौथ्या दिवशी मी गिऱ्हाइकांची उधारी सांगू शकलो, ती त्या डिस्कमुळे.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही माल वर चढवतो. मेलचंही तसंच. किती प्रती आहेत याच्याइतकंच त्या कुठे आहेत हे बघा. तुम्ही गंगापूर रोडला उंचावर असाल, पण आग आहे, चोरी आहे. एक प्रत पिंपळगावला भावाकडे ठेवा.

सातपूरकर (रविवार, दुपारी १.२०)

आमचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मी महत्त्वाच्या मेलची पीडीएफ करून वर्षवार फोल्डरमध्ये ठेवतो. वाचायला सोपी, कुठेही उघडते. एवढ्या भानगडीत पडायची खरंच गरज आहे का?

पायरीचा_वकील (रविवार, दुपारी ३.१०)

सातपूरकर, वाचण्यासाठी पीडीएफ उत्तम. पण मूळ मेल टाकून नुसती पीडीएफ ठेवू नका. मेलच्या डोक्यावर जे हेडर असतं, म्हणजे कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता निघाली, कुठे कुठे थांबली, तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक काय, ते छपाईत येत नाही. पैशाचा वाद उभा राहिला की समोरचा पहिलं हेच म्हणतो, "हे तुम्ही टाइप केलेलं आहे."

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्यातल्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायची जागा आहे. आधीच्या कायद्यात हे कलम ६५ब होतं. त्या प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यातच स्पष्ट केलं, मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा पूर्ण वेगळा येतो. ताई, मेल काढून झाल्या की त्याच दिवशी सगळ्या फाइलींचा एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश काढून यादी करून ठेवा. कोर्टाची पायरी चढायची वेळ नाही आली तरी पाच वर्षांनी डिस्कवरची फाइल आतून सडली आहे का, हे याच यादीवरून कळतं.

टर्मिनल (रविवार, दुपारी ४.००)

वकीलसाहेबांशी पूर्ण सहमत. सातपूरकर, तुमच्या पीडीएफमध्ये मेलला जोडलेली एक्सेल शीट कुठे गेली तेही एकदा तपासा. छापताना फक्त तिचं नाव येतं.

साठवणीच्या साच्याबद्दल माझं मत ठाम आहे: ईएमएल, एका मेलची एक फाइल. हा साधा मजकूर आहे आणि त्याची मूळ रचना १९८२ पासून सार्वजनिक दस्तऐवजात लिहिलेली आहे. उद्या एकही मेल प्रोग्रॅम शिल्लक राहिला नाही तरी ती रचना वाचून नवा लिहिता येईल. टेकआउट देतो तो एमबॉक्स साचाही उघडाच आहे. त्यात सगळ्या मेल एकाखाली एक जोडून एकच लांब फाइल असते. वाहून न्यायला सोयीची, पण मधला एक तुकडा बिघडला तर पुढचं वाचणं अवघड होऊ शकतं. वेगळ्या फाइलींमध्ये एक गेली तर एकच जाते.

पोथीवाला (रविवार, रात्री ९.४५)

मी अशोक स्तंभाजवळ पंचवीस वर्षं डीटीपी केलं. तुमचा खरा प्रश्न मराठीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मेलमध्ये मराठी चार रूपांत सापडेल. पहिलं आजचं युनिकोड. त्याच्यातही खोड्या आहेत. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता असलेला र, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एक शोधलात तर दुसरा सापडणार नाही. 'ॲडव्हान्स'मधल्या ॲचं तेच. ते अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ ला आलं, त्याआधी अ, जोडचिन्ह आणि अर्धचंद्र असं जुळवून लिहायचे. निर्यातदाराच्या मेलमध्ये ॲडव्हान्स हा शब्द किती वेळा असेल बघा.

दुसरं रूप, जुने फॉन्ट. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. त्यांच्यात अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फक्त वर मराठी मुखवटा. फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हं दिसतात आणि माणूस "करप्ट आहे" म्हणून फाइल पुसतो. कृपा करून एकही पुसू नका. त्या जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरची पूर्ण प्रत आत्ताच काढा आणि मेलच्या शेजारी ठेवा. कुठला मजकूर कुठल्या फॉन्टचा हे कळलं की कन्व्हर्टरने युनिकोड होतो. मूळ तसंच ठेवून बदललेली प्रत वेगळी ठेवा, कारण जोडाक्षरांमध्ये कन्व्हर्टर चुकतात.

तिसरं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. २००० ते २०१० मध्ये घरगुती मेल बहुतेक अशाच. त्याला नियम नाही. 'छाटणी' कुणी सी-एच लिहून सुरू करतो, कुणी सी-एच-एच. शेवटी कुणी आय, कुणी डबल ई. पण एक माणूस सहसा एकाच पद्धतीने लिहितो. म्हणून शब्द शोधण्याआधी माणूस शोधा. त्याच्या पाच मेल वाचा, त्याचं स्पेलिंग वहीत उतरवा, मग त्या स्पेलिंगने शोधा.

चौथं, स्कॅन केलेली पत्रं आणि फॅक्सची चित्रं. ती शोधात येणारच नाहीत. त्यांना हाताने नाव द्या.

आणखी एक, विभक्ती. मेलमध्ये 'नाशिक' असेल, 'नाशिकला' असेल, 'नाशकात' असेल. पूर्ण शब्द देऊ नका. 'नाश' लिहून पुढे तारा (*) टाका.

टर्मिनल (रविवार, रात्री १०.२०)

पोथीवाले काका, हे मला इतक्या तपशिलाने माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद.

शोधासाठी ताईंना 'रिकॉल' सुचवतो. लिनक्सवर फुकट. ते मेल उलगडून वाचतं, जोडलेल्या पीडीएफ आणि वर्ड-एक्सेलच्या आतलंही वाचतं आणि सगळ्याची अनुक्रमणिका बनवतं. तारा टाकून शोधता येतं. शिवाय समानार्थी शब्दांची एक साधी फाइल देता येते. एका ओळीत लिहिलेले शब्द ते एकच धरतं. काकांची वही तिथे उतरवा. 'नॉटमच'ही वेगवान आहे, पण ते जोडलेल्या फाइलीच्या आत बघत नाही, आणि तुमचे लॅब रिपोर्ट तर जोडलेलेच आहेत. मूळ मेलना हात न लावता ही अनुक्रमणिका केव्हाही पुसून नव्याने करता येते, म्हणून ती जपायची गरज नाही.

मृद्गंध (पुढच्या रविवारी, रात्री ८.३०)

मंडळी, आठवडाभर रोज रात्री हेच केलं. सांगते.

एक्सपीची डिस्क वाचली. अनडीबीएक्सने अकरा हजारांवर मेल निघाल्या. पीएसटीवर स्कॅनपीएसटी चार वेळा चालवलं. पहिल्या तीन वेळा चुका सापडल्या, चौथ्यांदा नाही. २०१० च्या मार्च-एप्रिलच्या बहुतेक मेल आल्या. मेलला जोडलेल्या काही फाइली गेल्या, पण लॅबचे रिपोर्ट आले. ते बघून बाबा उठून उभे राहिले.

एकच मेल तीन ठिकाणी असण्याचा त्रास फार झाला. वकीलकाकांनी सांगितलेला ओळख क्रमांक तिथे कामी आला. दोन मेलचा तो क्रमांक सारखा असेल तर एक बाजूला काढली, तीही पुसली नाही, वेगळ्या फोल्डरात ठेवली.

मग बाबांना म्हटलं, तुम्हाला पक्क्या आठवणाऱ्या दहा गोष्टी सांगा. प्रत नीट झाली की नाही हे मला त्यावरूनच कळणार होतं. पहिल्या रात्री दहापैकी चार सापडल्या. अपयश कुठे आलं ते लिहिते, पुढच्या माणसाला उपयोग होईल. सर्वांत सहज सापडले कंटेनर नंबर. चार अक्षरं, सात अंक, त्यात स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही. बाबांच्या जुन्या डायरीत नंबर होते. एका नंबरावरून खरेदीदार, एजंट, लॅब, सगळ्यांच्या मेल एका धाग्यात आल्या. सर्वांत अवघड गेल्या बागायतदारांच्या मेल. त्यांची मुलं सायबर कॅफेतून इंग्रजी अक्षरांत लिहायची. 'सीसीसी' शोधून त्यातलं काहीच आलं नाही, कारण त्यांनी औषधाचं दुकानातलं नाव लिहिलं होतं किंवा नुसतं "ते वाढ रोखायचं". हे बाबांनी शेजारी बसून सांगितलं म्हणून कळलं. ज्यांच्याकडे अशा मेल आहेत त्यांनी हे काम घरातलं माणूस शेजारी असताना करा. शब्द त्यांच्याकडे आहेत.

दहापैकी नऊ सापडल्या. दहावी म्हणजे रॉटरडॅमच्या खरेदीदाराचं पहिलं पत्र. बाबांच्या मते ते फॅक्सने आलं असेल. त्याचा शोध आता माळ्यावर.

पोथीवाला (रविवार, रात्री ९.१०)

वा! दहा प्रश्नांची कल्पना फार उपयोगी. जुन्या फॉन्टचं काही निघालं का?

मृद्गंध (रविवार, रात्री ९.४०)

हो काका, तेच सांगायचं होतं. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळची एक मेल होती, नुसती चिन्हं. भाऊ म्हणाला स्पॅम आहे. तुमचं वाक्य आठवलं म्हणून पुसली नाही. एक्सपीमधला शिवाजी फॉन्ट लावल्यावर अक्षरं उघडली. आईने मामाला लिहिलं होतं. रामकुंडावर किती गर्दी आहे, पाहुणे किती आलेत, पुरणपोळीला गूळ कमी पडला, आणि "मुलगी आता कॉम्प्युटर शिकते, मला मराठीत टाइप करायला तिनेच शिकवलं."

मी शिकवलं होतं हे मी विसरले होते.

पायरीचा_वकील (रविवार, रात्री १०.००)

ताई, एक आठवण. या साठ्यात दुसऱ्यांची पत्रं आहेत, बँकेचे तपशील आहेत. डिस्क कुलूपबंद करा, म्हणजे एन्क्रिप्ट करा, आणि पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवा. पासवर्ड हरवला तर उत्तम जपलेली डिस्कही कोरीच. बाबा लिहितील तेव्हा ज्या बागायतदारांची पत्रं वापरायची त्यांना आधी विचारा. आणि बाबांचं जीमेल खातं चालू ठेवा. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं.

भांडीबाजार (सोमवार, सकाळी ८.२०)

पिंपळगावला प्रत पोचली का?

मृद्गंध (सोमवार, सकाळी ८.५०)

कालच भाऊ घेऊन गेला. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे, तिसरी पुण्याला बहिणीकडे पुढच्या आठवड्यात जाईल. तिन्हींवर मेल, हॅशची यादी, फॉन्ट फोल्डर, स्पेलिंगची वही आणि कुठे काय आहे ते सांगणारी एक साधी मजकुराची फाइल. दर पाडव्याला तिन्ही लावून हॅश तपासायचे आणि डिस्क जुनी वाटली तर नवी घ्यायची, असं भावंडांत ठरलंय.

सातपूरकर, तुमच्या मूळ मेल अजून सर्व्हरवर असतील तर आधी त्या उतरवून घ्या. मदत लागली तर शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते.

सातपूरकर (सोमवार, दुपारी २.१५)

ताई, २०१६ पासूनच्या आहेत सर्व्हरवर. त्याआधीच्या मशीनवर उतरवून सर्व्हरवरून पुसल्या जायच्या, मेल उतरवून घ्यायच्या पीओपी पद्धतीची तशीच सेटिंग होती. जुनं मशीन गोदामात आहे. शनिवारी डिस्क काढून घेऊन येतो, सुरू करत नाही.